पावणेसहा आणि सव्वाचार

सोमशेखर मालकिणीच्या गाडीतलं पेट्रोल चोरून विकतो ही बातमी मन्नाएखेळ्ळीत सगळ्यांच्या कानावर गेली, तेव्हा ती ठाऊक नसलेला गावात एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे खुद्द सोमशेखर. शेवटी त्याला ती त्याच्या बायकोनं सांगितली. शिवम्मा घरी हातमशीनवर चोळ्या आणि झबली शिवायची, तिच्याकडे दिवसभर बायकांची ये-जा असे. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सोमशेखर जेवायला बसला असताना ती म्हणाली की लोक असं असं बोलायलेत, आणि त्यापुढं तिनं मुद्दाम काही विचारलं नाही.

सोमशेखरचा हात ताटातच थांबला. आता त्याला चंद्रभागाबाई टाकीत काडी का बुडवतात ते कळलं.

चंद्रभागाबाई म्हणजे त्याच्या मालकीणबाई. गावाबाहेर त्यांचा जामांचा मळा होता. पेरूला आमच्या भागात जाम म्हणतात. नवरा गेल्यावर मळा त्यांनी एकटीनं वाढवला. दुसरी मोठी लढाई संपल्यावर सिकंदराबादच्या छावणीत लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा भावाला घेऊन त्या स्वतः तिथं गेल्या आणि हिरव्या रंगाची एक अमेरिकन पिकअप घेऊन आल्या. सोमशेखरनं लढाईच्या काळात त्याच छावणीत गाड्या चालवल्या होत्या, म्हणून गाडीबरोबर त्यालाही बोलावून घेतलं. जामाच्या टोपल्या भरायच्या, चौपन्न मैलांवर गुलबर्ग्याच्या बाजारात उतरवायच्या आणि परत यायचं, हे त्याचं काम.

१९४९ चा डिसेंबर चालू होता. पोलीस ॲक्शन होऊन सव्वा वर्ष झालं होतं, रस्ते पुन्हा वाहते झाले होते, पण पेट्रोल अजून रेशनच्या चिठ्ठीवरच मिळे. चंद्रभागाबाईंच्या गाडीला आठवड्याला अठरा गॅलन मंजूर होते. गाडीच्या टाकीत नऊ गॅलन मावत. एका फेरीला एक टाकी पुरली असती तर आठवड्याला दोन फेऱ्या झाल्या असत्या, मंगळवारची आणि शनिवारची. पण गाडी एका गॅलनला दहा मैलांच्या वर जायची नाही. जाऊन-येऊन एकशे आठ मैल. म्हणजे मंगळवारी नऊ गॅलन संपून वर आणखी दोन लागत, आणि शनिवारी उरलेल्या सातात गुलबर्गा गाठलं तरी परत येता येत नसे. म्हणून शनिवारची फेरी व्हायचीच नाही. पिकलेले जाम टोपल्यांत मऊ पडायचे आणि मळ्यात त्यांचा गोडसर कुबट वास भरून राहायचा.

हुमनाबादच्या किशनरावाकडे त्याच कंपनीची, तसल्याच बांध्याची पिकअप होती. त्यालाही तेवढीच चिठ्ठी होती, तो आधी मन्नाएखेळ्ळीला येऊन माल भरी, आणि तरी आठवड्याला दोनदा गुलबर्ग्याला जाऊन येई. लोकांनी तेवढ्यावरून काय ते ठरवून टाकलं. चंद्रभागाबाई तोंडानं एक शब्द बोलल्या नव्हत्या. पण गेल्या महिन्यापासून त्या संध्याकाळी गाडीजवळ येत आणि गॅलनागणिक खाचा पाडलेली एक बांबूची काडी टाकीत बुडवून बघत. सोमशेखरला वाटायचं, मालकीण काळजीवाली आहे.

त्या दिवशी तो जेवला नाही. हात धुऊन उठला आणि ओट्यावर जाऊन बसला. काम सोडून द्यावं असं एकदा मनात आलं. पण सोडलं तर बोलणाऱ्यांचं खरंच झालं असतं.

पुढच्या मंगळवारी गुलबर्ग्याहून परतताना किशनरावाची गाडी त्याच्या पुढं लागली. दोन्ही गाड्या रिकाम्या, रस्ता सपाट, दोन्ही बाजूला तुरीची रानं. सोमशेखरनं आपली गाडी किशनरावाच्या बरोबरीला आणली. दोघं शेजारी शेजारी, एकाच वेगानं, मैलभर तरी गेले असतील. आणि तेव्हा त्याच्या कानानं ते टिपलं. त्याची गाडी ओरडत होती. पायाखालचा पत्रा थरथरत होता, इंजिनाचा आवाज वर चढून तिथंच अडकून राहिला होता. शेजारची गाडी मात्र पोटातल्या पोटात गुणगुणल्यासारखी चालली होती. वेग तोच, बांधा तोच, कंपनी तीच. किशनरावानं काच खाली करून हसत विचारलं की विमान उडवायचंय का. सोमशेखर हसला नाही. मागं पडला आणि उरलेला रस्ता नुसता इंजिन ऐकत आला.

घरी येऊन त्यानं शिवम्माला सगळं सांगितलं, ती चोळीला बाही जोडत होती. इंजिनात दोष असेल म्हणावं तर ते घड्याळासारखं चालू होतं. एकच वेग असताना एक इंजिन धावतं आणि दुसरं चालतं, हे कसं, एवढंच त्याला कळत नव्हतं.

शिवम्मानं मशीनचा दांडा धरून सावकाश एक फेरा दिला.

"ह्ये बघा," ती म्हणाली, "माज्या मशीनला एक फेरा दिला की सुई तीनदा खाली जाती. कल्याणी गावात माज्या मावशीकडं जुनं मशीन हाय, त्येची सुई एका फेऱ्यात दोनदाच जाती. घोंगडं घाला, गोणपाट घाला, हाताला काय लागत न्हाई. पण तेवढीच शिवण घालायला हात किती फिरवावा लागतोय. शिवण तीच, मशीन दिसायला तेच. तुमची गाडी मावशीच्या मशीनसारखी असंल."

 सोमशेखरनं दांडा स्वतः हातात घेतला आणि एक फेरा देऊन सुईकडे पाहिलं. पुन्हा दिला. तो इतकी वर्षं गाड्या चालवत होता, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसात दातेरी चक्रं असतात हे त्याला माहीत होतं, त्यात तेल त्यानं कितीदा भरलं होतं. पण ती चक्रं दोन गाड्यांत वेगळी असू शकतील असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. इंजिनाचा प्रत्येक फेरा म्हणजे पेट्रोलचा एक घोट. चाकाच्या एका फेऱ्याला त्याचं इंजिन किती घोट घेत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही हुमनाबादला गेले. हावगेप्पा मिस्त्रीचं दुकान म्हणजे चिंचेखाली चार खांबांवर टाकलेले पत्रे. हावगेप्पा साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं सोमशेखरचं ऐकलं, शिवम्माचं मशीनचं ऐकलं, आणि खडू शोधून आणला. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाकावर खडूची एक रेघ मारली, आणि इंजिनाकडून मागच्या आसाकडे जाणारा जो लांब दांडा असतो, त्यावर दुसरी. मग तो गाडीखाली आडवा झाला.

"चाक दोनदा फिरव," तो खालून म्हणाला. "एक चाक जमिनीवर उभं हाय, तवा दुसऱ्याला दोन फेरे दिले की आतला एक पुरा होतोय."

सोमशेखरनं दोन्ही हातांनी चाक फिरवलं. हावगेप्पा दांड्यावरची रेघ मोजत होता आणि वाकून बसलेली शिवम्मा त्याच्याबरोबर मोजत होती. एक, दोन, तीन. चाकाचा पहिला फेरा पुरा झाला तेव्हा तिसरा चालूच होता. चार. पाच. दुसरा फेरा संपला तेव्हा दांडा सहाव्या फेऱ्यात पाऊणवर येऊन थांबला.

पावणेसहा. त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पावणेसहा.

किशनरावाचं घर दोन गल्ल्यांवर होतं. सोमशेखर अक्षरशः पळत गेला. किशनरावाला आधी वाटलं की विमानाच्या थट्टेवरून भांडायला आला. पण काय करायचंय ते कळल्यावर तो स्वतःच गाडी घेऊन आला आणि चाक फिरवायलाही स्वतःच उभा राहिला. हावगेप्पा पुन्हा खाली गेला. एक, दोन, तीन, चार, आणि वर थोडंसं.

"सव्वाचार," शिवम्मा म्हणाली. 

हावगेप्पा कपडे झटकत बाहेर आला. लष्कराला चिखलातून, नाल्यातून तोफा ओढायच्या असतात, म्हणून त्यांच्या गाड्यांच्या आसात अशी चक्रं घालतात, असं त्यानं सांगितलं. ओढायला ती हत्तीसारखी. पण जामाच्या टोपल्या घेऊन सपाट रस्त्यानं जायला इंजिन फुकट फिरत राहतं. त्यानं हेही सांगितलं की मागल्या वर्षी एका ठेकेदाराची याच कंपनीची गाडी पुलावर आपटली, तिचं तोंड गेलं पण मागला आस शाबूत आहे, आणि तो इथंच पाठीमागं गवतात पडलाय. तिघा पुरुषांनी तो गवतातून ओढून काढला. माती खरवडून दांड्याच्या टोकाशी रेघ मारली. तोही सव्वाचार भरला.

सोमशेखरला आता चंद्रभागाबाईंना केव्हा सांगतो असं झालं होतं. पण त्यानं तोंडी सांगितलं नाही. त्यानं त्यांना विनंती केली की एकदा हुमनाबादला चला आणि डोळ्यांनी बघा. त्या आल्या. पदर खोचून गाडीजवळ बसल्या, आणि दुसऱ्या कुणाला मोजू न देता स्वतः मोजलं. आपली गाडी, मग किशनरावाची, मग गवतातला आस. मोजून झाल्यावर हाताला लागलेला खडू पुसत त्या उठल्या.

"मिस्त्री, बसवून टाका," एवढंच त्या म्हणाल्या. मग सोमशेखरकडे वळल्या. "शनिवारी पुढल्या आठवड्याच्या चिठ्ठीवर टाकी भरून निघायचं. मी संगं येणार. शिवम्मालाबी घे."

आस बसवायला दोन दिवस लागले. गाडीचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, नव्या आसाला जुळेनात, तेव्हा हावगेप्पानं नवी भोकं पाडली. शेवटी हात पुसत त्यानं बजावलं की आता ही गाडी धावायला झाली, ओढायला नाही. चढाला ओझं कमी ठेवायचं आणि इंजिन मरायच्या आधी गेर खाली घ्यायचा.

शनिवारी उजाडताना ते निघाले. टाकीत बरोबर नऊ गॅलन, मागं अठ्ठावीस टोपल्या, पुढं तिघं. गाव मागं पडल्यावर सोमशेखरनं टॉप गेर टाकला. आवाज खाली बसला. पायाखालचा थरथराट गेला. गेली दोन वर्षं ज्या गाडीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागे, तिच्यात शिवम्मा साध्या आवाजात म्हणाली की वारा गार आहे, आणि ते त्याला ऐकू आलं.

थोड्या वेळानं चंद्रभागाबाईंनी वेगाच्या काट्याकडे बोट केलं.

"सोमण्णा, इतका हळू कामून चाललायस? काटा बाविसावर हाय. पेट्रोल वाचवायला अशी रांगत न्यायलास व्हय?"

सोमशेखर गोंधळला. काटा खरंच बाविसावर होता. पण बाभळी तर भराभर मागं जात होत्या. त्यानं एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत चंद्रभागाबाईंच्या भावाच्या घड्याळात वेळ बघायला सांगितली. ते घड्याळ त्यांनी खास बरोबर आणलं होतं. दोन मिनिटं. म्हणजे तासाला तीस मैल. मग त्याच्या डोक्यात लख्ख पडलं आणि तो मोठ्यानं हसला. काटा चाकाचे फेरे मोजत नव्हता, मधल्या दांड्याचे मोजत होता. दांडा आता कमी फिरत होता आणि बिचाऱ्या काट्याला वाटत होतं गाडीच हळू चाललीय. त्यानं हे समजावून सांगितल्यावर चंद्रभागाबाईही हसल्या. पुढं त्या काट्याकडे न बघता दगडच मोजत राहिल्या.

गुलबर्ग्याच्या बाजारात टोपल्या उतरल्या. शनिवारी या मळ्याचे जाम येत नसत, म्हणून गिऱ्हाइकं आधी थबकली आणि मग तुटून पडली. चंद्रभागाबाईंनी टाकीत काडी बुडवली. चौपन्न मैल झाले होते आणि काडी जवळजवळ पाच खाचांपर्यंत ओली होती. त्यांनी ती सोमशेखरच्या हातात दिली, मग परत घेऊन पुन्हा बुडवली. निम्म्याहून जास्त पेट्रोल शिल्लक होतं. शिवम्मानं तोंडावर पदर घेतला, हसू लपवायला की रडू, ते तिलाच ठाऊक.

आणि त्या आनंदात चंद्रभागाबाईंनी एक चूक केली. विहिरीच्या काठाला शहाबादी फरशी घालायचं त्यांच्या किती दिवस मनात होतं. गाडी रिकामीच चाललीय, मग फरशा भरून नेऊ, असं त्यांनी ठरवलं. सोमशेखरला हावगेप्पाचे शब्द आठवत होते, पण त्या सकाळी त्याला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणवेना. चाळीस फरशा भरल्या. गाडीची मागची बाजू बसली.

सपाटीला तरीही ती छान चालली. कमलापूरच्या अलीकडे रस्ता चढायला लागला. जुन्या आसावर हा चढ सोमशेखर सहज चढून जायचा. आता टॉपवर इंजिन धापा टाकू लागलं. त्यानं गेर खाली घेतला, मग आणखी खाली, शेवटी पहिला. शेवटचं वळण समोर दिसत होतं, शंभर पावलं राहिली असतील, आणि इंजिनानं दोन गचके देऊन जीव सोडला. गाडी मागं सरकू लागली. त्यानं ब्रेकवर सगळा भार टाकला, हातब्रेक ओढला, तरी एवढ्या ओझ्यानं ती इंच इंच मागं जात होती आणि मागं डावीकडे ओढा होता.

"दगड," तो म्हणाला.

तो शब्द पुरा व्हायच्या आत शिवम्मा खाली उतरली होती. तिनं कडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाखाली ढकलला, मग दुसऱ्या चाकाखाली दुसरा. गाडी धोंड्यावर टेकली आणि थांबली.  चंद्रभागाबाई खाली उतरल्या, ओढ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर कमरेला बांधला.

तिघांनी मिळून पंचवीस फरशा उतरवल्या आणि रस्त्याकडेच्या केळीच्या मळ्यात, मळेवाल्याला सांगून, रचून ठेवल्या. मग सोमशेखरनं पहिल्या गेरमध्ये, इंजिनाची गती चढलेली ठेवून, क्लच हळू हळू सोडला. दोघी बायका मागून चालत होत्या, प्रत्येकीच्या हातात एक धोंडा. गाडी कुरकुरत निघाली, वळण घेतलं आणि वर पोचली.

वर आल्यावर चंद्रभागाबाई गाडीत बसल्या नाहीत. रस्त्यातच उभ्या राहून म्हणाल्या की सोमशेखरशी बोलायचंय.

"मिस्त्रीनं सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई. ही माजी एक चूक. आन् महिनाभर टाकीत काडी घालून बघत व्हते, ती दुसरी. लोकांचं ऐकून मी तुज्यावर वहीम घेतला. तुला इचारायला पायजे व्हतं, तेवढं धाडस माज्यात न्हवतं."

 सोमशेखर म्हणाला, "अक्का, तुमच्या जागी मी असतो तर मीबी तेच केलं असतं."

"न्हाई," शिवम्मा मागून शांतपणे म्हणाली, "तुमी इचारलं असतं."

चंद्रभागाबाईंनी मान डोलावली, आणि मग तिघं गाडीत बसले.

चढानं पेट्रोल खाल्लं होतं. पुढचा सगळा रस्ता त्यांनी दगड मोजत काढला. हुमनाबाद मागं पडलं. पंधरा मैल उरले. सोमशेखर उतारावर पाय उचलून घेई, चढ दिसला की आधीच गती धरून ठेवी.  शेवटच्या चार मैलांत शिवम्मा पुटपुटत दगडांचे आकडे म्हणत होती. गावचा बसस्टँड दिसला. तिथं पेट्रोलविक्रीच्या गप्पा चघळणारी नेहमीची मंडळी बसली होती. गाडी त्यांच्यासमोरून गेली, मळ्याच्या फाटकातून आत शिरली आणि शेडखाली उभी राहिली, इंजिन अजून चालूच.

एकशे आठ मैल, एका टाकीत. आणि टाकीत अजून अर्ध्या गॅलनाच्या आसपास होतं.

चंद्रभागाबाई तशाच स्टँडवर चालत गेल्या. तिथं त्या काय बोलल्या ते सोमशेखरनं ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम्माकडे झबलं शिवायला आलेल्या बाईनं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढच्या आठ दिवसांत जी येईल तिनं.

मंगळवारी तो गुलबर्ग्याला गेला, शनिवारी पुन्हा गेला. अठरा गॅलनात दोन फेऱ्या बसल्या. किशनराव वाटेत भेटला की दोघं गाड्या शेजारी घेऊन मैलभर जात, आणि आता काचेतून बोललेलं दोघांनाही ऐकू येई. पंचवीस फरशा मात्र बैलगाडीनं आल्या. त्यांना कमलापूरहून मन्नाएखेळ्ळीला यायला तीन दिवस लागले, आणि चंद्रभागाबाईंनी गाडीवानाला पोटभर जेवू घालून, जाताना जामाची एक टोपली दिली.